उल्पियानोच्या मागचा माणूस

१

सतरा नंबरचं रीळ नाहीसं झालं गुरुवारी दुपारी, आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या आत चोर सापडलासुद्धा. इतक्या झटपट चोर सापडला की सब-लेफ्टनंट सेनाइदा ब्रिंगासच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बारा वर्षं तिने तारघरात काढली होती आणि चौदा वर्षं पोलिसात. तारघरातल्या नोकरीने तिला एक शिकवलं होतं, जी बातमी फार घाईने येते तिच्यात हमखास एखादा शब्द गळलेला असतो.

"चोर कोण म्हणालात?" तिने पुन्हा विचारलं.

"नेरेइदा पोवेदा. तळावरची सफाईवाली," कॅप्टन आरेन्सिबिया म्हणाला. तो हवानाहून आला होता, इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसला होता. "दुपारी चारला गाडी तिला घेऊन जाईल. शत्रूला ध्वनिफीत विकण्याचा आरोप आहे. वीस वर्षं तरी नक्की. तुम्ही फक्त स्थानिक पोलीस म्हणून या कागदावर सही करायची."

सेनाइदाने कागद वाचला. खिडकीबाहेर सान इल्देफोन्सो गाव होतं, आणि गावामागे ती टेकडी. टेकडीवर अँटेनांचं जंगल. सोव्हिएत माणसांनी ते उभं करून अठरा वर्षं झाली होती. समुद्रापलीकडे फ्लोरिडात कोण कोणाशी काय बोलतं ते इथे बसून ऐकायचं, एवढाच तिथला उद्योग. कागदोपत्री त्या जागेला नाव नव्हतं. गाव तिला 'कान' म्हणायचं, आणि तिथल्या चौकड्याच्या शर्टातल्या परक्यांना 'बोलो'.

"नेरेइदा माझ्या गल्लीत राहते," सेनाइदा म्हणाली. "तिला मी चाळीस वर्षं ओळखते."

"म्हणूनच तुमची सही वजनदार ठरेल."

"म्हणूनच ती मी न विचारता करणार नाही. चार वाजेपर्यंत वेळ आहे म्हणालात ना? मग मला टेकडीवर न्या."

आरेन्सिबियाने घड्याळाकडे पाहिलं. "कॉम्रेड, दोन देशांच्या मैत्रीचा प्रश्न आहे."

"असू दे की. मैत्रीत चोर नेहमी आमच्याच घरात का सापडतो, तेवढं पाहून येते."

२

नेरेइदाला स्वयंपाकघरामागच्या कोठारात ठेवलं होतं. बटाट्यांच्या पोत्यावर ती हाताची घडी घालून बसली होती आणि पहाऱ्यावरच्या पोराला झापत होती, की इतक्या घाणीत बटाटे ठेवतात का, एक झाडू आणून दे.

"रडली नाहीस?" सेनाइदाने दार लोटत विचारलं.

"ह्यांच्यासमोर? अगं, नऊ वर्षं ह्यांचे संडास घासले मी. ह्यांच्यासमोर रडायला माझी आसवं काय फुकट आलीत?"

"काल काय झालं ते सांग. सगळं. खोटं बोलशील तर मीच तुला आत टाकीन."

नेरेइदाने मान वळवली. मग हळूच म्हणाली, "दहाला मी स्वयंपाकघराच्या मागच्या फाटकातून सटकले. कोंबडी येणार होती दुकानात. रांगेत नंबर लावला, घरी जाऊन बसले, साडेअकराला कोंबडीचा ट्रक आला तेव्हा परत रांगेत गेले. पावणेबाराला कोंबडी मिळाली. बाराला इथे परत."

"पिशवीत काय होतं?"

"नाही सांगणार."

"नेरेइदा!"

"अगं, शिळा पाव! साहेबांच्या जेवणघरातले टाकलेले तुकडे, माझ्या डुकरासाठी. आता मला विचारतात, पिशवी फुगलेली का होती? मी सांगितलं, तुमच्या बापाचं रीळ नव्हतं. पाव चोरला म्हणून कबूल करू? टाकलेला पाव उचलला तर ती चोरी होते का?"

सेनाइदा हसू दाबून पुढे म्हणाली, "पाच नंबरच्या खोलीत काय काय करतेस तू? रीळ तिथलंच आहे."

"काय करणार? रोज बाराला जाते, पोछा मारते, धूळ पुसते. मेजर कुदेलिन असतो सात ते एक, एकटाच, कानाला तो ऐकायचा टोप लावून. त्या टोपाचीही तऱ्हा. उजवी वाटी घामाने चकाकते आणि डावीवर रोज धूळ. दोन्ही मलाच पुसाव्या लागतात. केराच्या टोपलीत तेलकट कापसाचे बोळे. आणि ते रिळांचे डबे! सकाळी आठ डबे मिळतात त्याला, कागदी पट्टी चिकटवलेले. तासाला एक रीळ. मी बाराला जाते तेव्हा फळीवर दोन उरलेले असतात. काल तीन होते. तिन्ही पुसले. ह्या सगळ्याचं बक्षीस म्हणून वीस वर्षं देतायत."

सेनाइदाने वहीत लिहून घेतलं. नेरेइदाची कुरकुर तिला लहानपणापासून पाठ होती. त्यातलं निम्मं निरर्थक असायचं आणि निम्मं कोणाच्याही लक्षात न आलेलं.

"रांगेत कोणाच्या मागे होतीस?"

"दुकानातल्या हासिन्ताच्या मागे. आणि माझ्या मागे उल्पियानो आजोबा." नेरेइदाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "सेनाइदा, पण कॅप्टन म्हणतो रांग म्हणजे पुरावा नव्हे. नंबर लावून माणूस कुठेही जाऊ शकतो."

हे मात्र खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

३

मेजर कुदेलिन उंच, देखणा, पन्नाशीचा. दुभाषी म्हणून फेर्मिन आर्ग्वेयेस हजर होता, गावचाच पोरगा, रशियन शिकून टेकडीवर चिकटलेला. तो मेजरच्या डावीकडे बसला. मेजर उठला, खुर्ची उचलून फेर्मिनच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि तिथे बसला.

"पंख्याचा वारा," त्याने खुलासा केला. पंखा तर छताला होता.

"सतरा नंबरचं रीळ दहा ते अकराचं," तो सांगू लागला आणि फेर्मिन गावच्या बाईला समजावं तसा नव्हे, तर शाळेत धडा म्हणावा तसा भाषांतर करू लागला. "अकराला मी ते काढलं, मेजावर ठेवलं, अठरावं चढवलं. सव्वाअकराला पाच मिनिटं बाहेर गेलो. बाई तेव्हा ओसरीत होती, पिशवी घेऊन. नंतर कामात होतो. बारा वीसला रिळं जुळवताना सतरावं नाही हे कळलं. साडेबाराला कर्नलसाहेबांनी खोलीला सील ठोकलं. तेव्हापासून फाटकावर प्रत्येकाची झडती चालू आहे."

"दहा ते अकरा तुम्ही खोलीतच होता?"

"पहारा सोडून कुठे जाणार?"

"त्या तासात काय ऐकलंत?"

मेजरच्या चेहऱ्यावरची एकही रेष हलली नाही. "ते गुप्त आहे, कॉम्रेड."

सेनाइदाने फेर्मिनकडे पाहिलं. "आणि तू? नेरेइदाला जाताना कधी पाहिलंस?"

"सव्वाअकराला," फेर्मिन म्हणाला. म्हणताना तो स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"तुझ्या आईला कोंबडी मिळाली का रे काल?"

"आं? नाही. आईला बरं नव्हतं, आणि मी इथे होतो. इथेच होतो मी!"

त्याला कोणी विचारलंही नव्हतं की तू कुठे होतास.

४

गावात दुकान आणि दवाखाना एकाच पडवीत आहेत. दोन दारं, मध्ये चार हात भिंत. दवाखान्याच्या दारावर अजून कालचा कागद डकवलेला होता, डॉक्टर गुरुवारी डोंगरातल्या वाड्यांवर लस टोचायला गेलेत, शुक्रवारी भेटा.

सेनाइदा पडवीच्या कठड्यावर बसली आणि कालच्या रांगेला बोलावणं धाडलं. अर्ध्या तासात पडवी भरली. सान इल्देफोन्सोमध्ये माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण रांगेत आपल्या पुढे कोण होतं हे मरेपर्यंत विसरणार नाही. इथे रांगेत उभं राहायची गरज नसते. यायचं आणि विचारायचं, शेवटचं कोण? हात वर झाला की लगेच दुसरा प्रश्न, आणि तुम्ही कोणाच्या मागे? पुढचा माणूस मध्येच उठून गेला तर त्याच्या पुढचा तरी ठाऊक असावा म्हणून. एवढी दोन उत्तरं खिशात घातली की मग घरी जा, झोपा काढा, भांडा. जागा तुमचीच.

"मी हासिन्ता, सगळ्यांच्या पुढे."

"आणि नेरेइदा माझ्या मागे," हासिन्तानेच पुढे सांगितलं.

"नेरेइदाच्या मागे मी," उल्पियानो आजोबा काठी आपटत म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाठ ताठ. "मी हासिन्ताचंही नाव विचारून ठेवलं होतं."

"आणि आजोबांच्या मागे मी," एदुविहेस म्हणाली, मग थांबली. "म्हणजे मी नाही. मी त्याच्या मागे."

"त्याच्या म्हणजे कोणाच्या?"

"जो नव्हता त्याच्या. मी आले साडेदहाला. शेवटचं कोण विचारलं, तर आजोबा म्हणाले, माझ्या मागे एकजण लागलाय, तू त्याच्या मागे. मी म्हटलं बरं. तो तर तिथे दिसेना. कोंबडी वाटायला लागले तेव्हा खाटकाने तीनदा हाक मारली, उल्पियानोच्या मागचा! उल्पियानोच्या मागचा! कोणी येईना. मी भल्या बाईसारखी थांबले, मग घेतली कोंबडी."

पडवीतली सगळी डोकी एदुविहेसकडे वळली. मग कुणीतरी म्हणालं, "कोंबडी सोडून गेला?"

"वारला असेल," एदुविहेस म्हणाली. "दुसरं काय?"

सेनाइदाने सगळ्यांवर नजर फिरवली. त्रेचाळीस माणसं, प्रत्येकाच्या पुढे एक, मागे एक, साखळी घट्ट. फक्त एक कडी गायब. "तुमच्यापैकी कोण होता तो? मी रागावणार नाही."

कोणी हात वर केला नाही.

"आजोबा, त्याला ओळखलंत का?"

"डोळे असते तर ओळखलं असतं ना, पोरी. सव्वादहाच्या सुमारास मागून खांद्यावर हात आला. एकच शब्द, शेवटचा? मी म्हटलं, मीच बाबा. आज कोंबडी देतायत म्हणे, पायांसकट का बिनपायांची? उत्तर नाही. दोनदा विचारलं. शिष्ट मेला! आणि कापराचा वास येत होता त्याला. मी वाट बघत बसलो, आता विचारील, मी कोणाच्या मागे आहे ते. विचारलंच नाही. थोडा वेळ दवाखान्याच्या दाराशी पावलं वाजली, मग गेला निघून."

सेनाइदाच्या हातातली पेन्सिल थांबली.

"विचारलंच नाही? नक्की?"

"सत्तर वर्षं रांगेत काढली मी. असा माणूस मला पहिल्यांदा भेटला."

५

टेकडीवर परतताना जीप फेर्मिन चालवत होता. वळणावर सेनाइदाने त्याला गाडी थांबवायला लावली.

"फेर्मिन, तू मघाशी खोटं बोललास."

तो झटकन तिच्याकडे वळला. "मी रांगेत नव्हतो! आईची शपथ!"

"ठाऊक आहे मला. तू असतास तर दुसरा प्रश्न विचारला असतास. आईच्या पोटातूनच शिकून आलोय आपण तो. नेरेइदा कधी गेली ते सांग."

तो स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसू लागला. "दहाला. मी पाहिलं. पण मेजर म्हणाले, सव्वाअकराच ना? मी मान हलवली. एकदा हलली की हलली, बाई. नोकरी गेली तर मी परत ऊस तोडायला जायचं का?"

"आणि नेरेइदाने वीस वर्षं काय तोडायचं?"

फेर्मिनने गाडी सुरू केली. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

सेनाइदा समोरच्या टेकडीकडे पाहत होती. रांगेची सवय असलेला माणूस, पण आपल्या रांगेची नव्हे. दुकानासमोर माणसं दिसली की हात आपोआप पुढच्याच्या खांद्यावर जातो, तोंडून आपोआप 'शेवटचा?' निघतं, आणि तेवढ्यावर तो निश्चिंत होतो. असे लोक तिने पाहिले होते. तार-प्रशिक्षणाला एक वर्ष ती ओदेसात होती, पावाच्या आणि बुटांच्या रांगांत बर्फात उभी राहिली होती. तिथेही लोक विचारायचे, शेवटचं कोण? अगदी आपल्यासारखंच. ती पुढचा प्रश्न विचारायची तेव्हा बायका तिच्याकडे वेड्यासारखं बघायच्या. तुला काय करायचंय मी कोणाच्या मागे आहे ते, उभी राहा की!

फाटकावर आरेन्सिबिया कागद घेऊन उभा होता. अडीच वाजले होते.

"सही, कॉम्रेड."

"नाही."

"तुमच्या सहीशिवायही गाडी चारला निघेल. फक्त तुमच्या फायलीत नोंद होईल, की तुम्ही अडथळा आणला."

"मोठ्या अक्षरात करा नोंद," सेनाइदा म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिने तो उतरू दिला नाही. "ह्या टेकडीला जमीन आम्ही दिली, पाणी आम्ही दिलं, ह्यांचे कपडे आम्ही धुतो. अठरा वर्षांत ह्या गावातून त्यांची टाचणीही गेली नाही. आणि आज एकाने बोट दाखवलं म्हणून आमची बाई तुम्ही बांधून नेणार? मी सही करत नाही. आणि चारच्या आत परत येते."

"एकट्या येऊन काय करणार?"

"एकटी येईन असं कोण म्हणालं?"

६

पावणेचारला टेकडीच्या रस्त्यावर धूळ दिसली.

पहाऱ्यावरच्या पोराने आधी बंदूक सावरली, मग दुर्बीण. गाव येत होतं. घोळक्याने नव्हे, एकामागे एक. पुढे दुकानातली हासिन्ता. तिच्या मागे एक मोकळी जागा, तिथे एका पोरीने नेरेइदाचा एप्रन काठीला अडकवून धरला होता. मग काठी टेकत उल्पियानो आजोबा. आजोबांच्या मागे पुन्हा एक मोकळी जागा, माणूसभर रुंद, तिथे काहीच नव्हतं. मग एदुविहेस, आणि मग सगळे. गुरुवारची रांग जशीच्या तशी, मनाई असलेल्या रस्त्यावर. फाटकाच्या आडव्या दांड्याला हासिन्ताचं पोट टेकलं तेव्हा ती थांबली. सगळ्यात शेवटी सेनाइदा उभी राहिली.

कर्नल तारासेविच बाहेर आला. बुटका, थकलेला माणूस. त्याच्यामागे मेजर कुदेलिन, फेर्मिन आणि रागाने पांढरा पडलेला आरेन्सिबिया.

"ह्यांना हटवा!" आरेन्सिबिया ओरडला.

"हटतील," शेवटावरून पुढे येत सेनाइदा म्हणाली. आणि मग तिने फेर्मिनची वाट न पाहता, पंचवीस वर्षांपूर्वीच्या ओदेसाच्या रशियनमध्ये थेट कर्नलला सांगितलं, "ही कालची कोंबडीची रांग आहे, साहेब. दोन जागा मोकळ्या आहेत. एक आमच्या नेरेइदाची, ती तुम्ही कोंडलीय. दुसरी तुमच्या माणसाची. तो बाहेर आला की आम्ही जाऊ."

कर्नलच्या भुवया वर गेल्या. "आमच्या? आमची माणसं तुमच्या रांगेत लागत नाहीत."

"कोंबडीच्या नाही. डॉक्टरच्या. दुकान आणि दवाखाना एकाच पडवीत आहेत. काल सव्वादहाला एका माणसाला दवाखान्यासमोर माणसं दिसली. त्याला वाटलं, ही डॉक्टरचीच रांग. त्याने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला, शेवटचा म्हणून विचारलं आणि गप्प राहिला. आमच्यापैकी कोणीही दुसरा प्रश्न, आणि तुम्ही कोणाच्या मागे, हा विचारल्याशिवाय राहत नाही. तुमच्याकडे तो विचारत नाहीत. आजोबा कोंबडीबद्दल दोनदा बोलले, तेही त्याला कळलं नाही. नंतर दारावरचा कागद पाहून त्याने ओळखलं की डॉक्टर नाहीत, आणि तो निघून गेला. गावातला कोणी कोंबडी सोडून जात नाही, साहेब. ती कोंबडी त्याला नकोच होती."

"आणि आजोबांचं बोलणं त्याला का कळलं नाही?"

"भाषा थोडी, आणि कान त्याहून थोडा. आजोबा त्याच्या डाव्या बाजूला बोलले असतील. त्याच्या अंगाला कापराचा वास येत होता. तुमच्याकडे कान दुखला की कापराचं तेल घालतात, ओदेसात माझ्याही घातलं होतं. पाच नंबरच्या खोलीत रोज तेलकट कापसाचे बोळे निघतात. तिथल्या टोपाची डावी वाटी कोणी वापरतच नाही, तिच्यावर धूळ बसते. आणि आज सकाळी मेजरसाहेबांनी खुर्ची हलवली, दुभाषी उजव्या कानाशी यावा म्हणून."

कोणीच कुदेलिनकडे पाहिलं नाही, कारण सगळ्यांनी एकदमच पाहिलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. तो ताठ उभा होता.

"हे सगळं वासावर आणि धुळीवर," कर्नल सावकाश म्हणाला. "रीळ कुठे आहे?"

"कुठेच नाही. ते भरलंच गेलं नाही. मीही बारा वर्षं तारेच्या यंत्रापुढे बसलेय. यंत्र ऐकत नाही, साहेब, माणूस ऐकतो. कागद संपला की यंत्र नुसतं फिरत राहतं. दहाला सोळावं रीळ संपलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. अकराला हे परत आले. एक तास कोरा. मग त्यांनी पुढच्या रिळावर सतरा न घालता अठरा घातलं आणि सतरावं चोरीला गेलं म्हणून सांगितलं. दहाला मागच्या फाटकाने जाताना ह्यांना पुढे नेरेइदाची पिशवी दिसली असणार, तीच कामाला आली."

"सिद्ध करा."

"तुम्हीच करा. सकाळी आठ डबे मिळतात. सतरावं भरलं असेल तर बंद पट्टीचे दोन डबे उरलेले असतील. भरलं नसेल तर तीन. जास्तीचा डबा ह्यांना हलवता आला नाही, कारण साडेबाराला तुम्ही खोलीला सील ठोकलं आणि फाटकावर झडती सुरू केली. सील तुमचं आहे. जाऊन मोजा."

कर्नल आत गेला. बाहेर त्रेचाळीस माणसं उन्हात उभी होती आणि एकही जण कुजबुजत नव्हता. फेर्मिन दोन पावलं पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नेरेइदा दहाला गेली. मी पाहिलं होतं. सव्वाअकरा हे खोटं आहे." मग तो फाटकाखालून वाकून बाहेर आला आणि आपल्या माणसांजवळ उभा राहिला. कोणी त्याची पाठ थोपटली नाही, पण जागा करून दिली.

कर्नल परत आला तेव्हा त्याच्या हातात तीन डबे होते. तिन्हींच्या पट्ट्या शाबूत.

"रोदिओन साविच," तो कुदेलिनला हळूच म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि उजव्या बाजूला येऊन पुन्हा म्हणाला.

कुदेलिनचा ताठपणा एकदम गळून पडला. "वसंतापासून डावा गेलाय," तो म्हणाला. "आता उजवाही वाजतो. तळावरच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर ज्यांच्यासाठी मी ऐकतो, त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं असतं. वीस वर्षं मी फक्त ऐकलंय. दुसरं मला काही येत नाही."

सेनाइदाला त्याची दया आली. खरंच आली, आणि म्हणूनच ती जास्त चिडली. "तुमचा कान गेला म्हणून तिची वीस वर्षं जायची होती का, मेजर? तुमचं ऐकू येणं जातंय तर तिचं सगळंच घ्यायचं?"

उल्पियानो आजोबांनी मेजरच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "हाच का तो कापूरवाला? अरे बाबा, तुझी कोंबडी एदुविहेसने खाल्ली. आणि मी नेरेइदाच्या मागे होतो. तेवढं विचारलं असतंस तर वाचला असतास."

आरेन्सिबियाने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. गाडीच्या चालकाला त्याने इंजिन बंद करायला सांगितलं.

नेरेइदाला बाहेर आणलं तेव्हा तिच्या हातात झाडू होता. कोठार झाडूनच निघाली होती. रांगेतला आपला एप्रन तिला दिसला, मग हासिन्ता, आजोबा, सगळं गाव. तिथे मात्र तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत.

कर्नल तिच्यापुढे आला. टोपी काढली. फेर्मिनकडे पाहून म्हणाला, तिला सांग, मला माफी मागायची आहे.

फेर्मिनने सांगितलं. नेरेइदाने एप्रन बांधला, रांगेतल्या आपल्या जागेवर उभी राहिली आणि हनुवटी उचलली.

"माफी मागायचीय? मागा की. पण आधी हे सगळे मला भेटणार, मला घरी नेणार. ह्यांनी नंबर लावलाय. त्याला सांग, रांग आहे."

आरेन्सिबियाने डोळे मिटून घेतले. कर्नल मात्र भाषांतराची वाट न पाहता समजला असावा. तो उन्हातून रांगेच्या कडेने चालत खाली गेला, त्रेचाळीस चेहऱ्यांसमोरून. कोणी सलाम केला नाही, कोणी नजर खाली घातली नाही. रांगेच्या टोकाला पोचून तो थांबला आणि अडखळत गावच्या भाषेत म्हणाला, "शेवटचं कोण?"

आपल्या जागी परतलेल्या सेनाइदाने हात वर केला. "मी."

तो तिच्या मागे उभा राहिला. टोपी हातात फिरवत क्षणभर घुटमळला.

"आणि तुम्ही," त्याने विचारलं, "कोणाच्या मागे?"